काठवटीचा दुसरा कान

काष्टी, मार्च १९७३

प्रिय गोरक्ष,

तुझ्यामागे इथे काय चाललंय ते तुला कळवायलाच हवं. सुतारकीच्या वर्गाला नवी तुकडी आली. पोरं आपल्यासारखीच, कुणी शाळेतून पळालेलं, कुणी पोलिसांनी आणून सोडलेलं. गाव अजून आपल्याला 'वाया गेलेल्यांचा वर्ग'च म्हणतं. एकाने पहिल्याच दिवशी रंधा उलटा धरला आणि तू आठवलास. बाजारात सफाईने खिसे कापणारा तू, आणि रंध्यापुढे हात लटपटत होते तुझे! मी तर आठवडाभरातच पळणार होतो. तू माझी पिशवी लपवलीस आणि वर म्हणालास, 'येक पाट तर करून जा, लेका.' पाट झाला आणि मी राहिलो.

आईला भाकरीचं पीठ मळायला म्हणून करायला घेतलेली बाभळीची काठवट तू नुसती तासून ठेवली होतीस. आता ती तशी राहिलेली नाही. सहादेव मास्तर सकाळी कुलूप काढायचे तेव्हा तुझ्या जागेवर ताज्या ढलप्या पडलेल्या असायच्या. किल्ली तर मास्तरांच्या कमरेला. आधी मला नव्या पोरांचा चावटपणा वाटला. पण पटाशीचे घाव डाव्या हाताचे आहेत, आणि वर्गात डावखुरा तू एकटाच. पटाशीच्या मुठीला ओला मुरूम लागलेला असायचा. या दुष्काळात ओल आहे ती फक्त आपल्या विहिरीच्या तळाला. मास्तरांनी घावांवरून बोट फिरवलं आणि टोपी काढली. 'हात त्याचाच हाय,' एवढंच म्हणाले. माझी तर बोबडी वळली. खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

पाणी लागेना म्हणून आपण पाळीपाळीने त्या विहिरीत खणायला उतरायचो. दरड कोसळली त्या दिवशी पाळी तुझी होती. तुझ्या दहाव्याला मी तिसगावला आलो होतो रे. पिंडाला कावळा शिवेना. तुझ्या धाकट्या भावाला वर्गात घेतो, असं मास्तरांनी कबूल केलं. बहिणीचं लग्न लावून देतो, असं तुझ्या मामांनी. कावळे लिंबावर बसून बघत राहिले, एकही खाली उतरला नाही. ऊन चढल्यावर शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तुझी आई जागची हलेना. 'त्याचं कायतरी राह्यलंय,' हेच तिचं चाललं होतं.

काय राहिलंय ते परत आल्यावर ढलप्या बघून मला कळलं. काठवट खोल होत गेली, काठ गुळगुळीत झाले, धरायचा एक कान झाला. दुसरा तेवढा उरला, तेव्हा मी तुझी गोल पटाशी माझ्या वळकटीत लपवली. तू माझी पिशवी लपवली होतीस ना, तशीच. त्या दिवसापासून ढलपी पडलेली नाही. काम अडलं की तू कुठे जाणार, म्हणून मी खुशीत होतो.

मास्तरांनी निरोप धाडला आणि काल तुझी आई आली. काठवटीपाशी बसून आहे. भाकरीचा तुकडा मोडत नाही. त्या अर्धवट कानावर हात ठेवून म्हणते, 'माझ्या पोराला मोकळा करा रं.' मला तिच्याकडे बघवत नाही, म्हणून हे लिहितोय. पटाशीला धार लावली आहे. ती आणि हे पत्र काठवटीत ठेवतो. थोड्या वेळाने मास्तर कुलूप लावतील. तेवढा कान कोर, गोरक्ष, आणि जा. मी पळणार नाही.

तुझाच,
मच्छिंद्र