तिच्या वाटणीचा हप्ता

माय, काल मी एका बाईचा हप्ता भरला आणि आज ती माझ्याकडे बघत नाही. तुझ्याशिवाय हे कुणाला विचारावं कळत नाही.

रामाकोन्याच्या आपल्या गल्लीत तुमचा पाचजणींचा गट होता. शेताचा कागद नको, दागिना गहाण नको. पाचजणी एकमेकींना जामीन, एवढ्यावर कंपनी प्रत्येकीला कर्ज द्यायची. तू त्यातून शिलाई मशीन घेतलीस. दर आठवड्याला आपल्या अंगणात सतरंजीवर तुम्ही बसायचात, कंपनीचा साहेब हप्त्याचे पैसे घ्यायचा. एकीचा चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, नाहीतर पुढचं कर्ज कुणालाच नाही. एकदा गटातली तुझी मैत्रीणच आली नाही. तिचा नवरा नागपूरला दवाखान्यात होता. साहेब म्हणाला, "पैसे आल्याबिगर मी उठत नाही." मग तुम्ही चौघी तिच्या दारात गेलात. पुढे तू, मागे मी. "तुह्यापायी आमचं सगळ्यायचं अडून राहिलं!" तू भर गल्लीत ओरडलीस. दवाखान्यासाठी पदरात बांधलेले पैसे तिनं सोडले आणि तुझ्या हातावर ठेवले.

संध्याकाळी तूच मला भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन तिच्याकडे धाडलंस. मी विचारलं, "आत्ता तर तिले भांडली ना तू?" मशीनवरून नजर न काढता तू म्हणालीस, "ते गटाचं होतं. हे माहं हाय." तिनं डबा घेतला. दुसऱ्या दिवशी परत केला, घासलेला, रिकामा. आपल्याकडे कुणी डबा रिकामा परत करतं का? तू किती वेळ तो हातात धरून उभी होतीस. पुढे ती मीटिंगला यायची, पण सतरंजीच्या पार टोकाला बसायची. तू गेलीस तेव्हा मात्र तुला न्हाऊ घालायला सगळ्यांत आधी तीच आली.

आता सौंसरला माझाही गट आहे, मी प्रमुख. काल माझी शेजारीण आली नाही. आम्ही दोघी एकाच ठिकाणी संत्री निवडायला जातो, हंगाम सरल्यापासून घरीच आहोत. साहेब मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "दीदी, आप लोग ही समझाइए." सगळ्या उठून माझ्याकडे बघू लागल्या. मला तुझा आवाज काढता येईना. तिच्या दारात न जाता मी माझ्याजवळचे भरून टाकले. आता गटातल्या म्हणतात, "आज तू भरले. उद्या कोणीबी हात हालवत येईन, मंग?" त्यांचंही खोटं नाही. आणि शेजारीण आज सकाळी नळावर म्हणाली, "दारात येऊन शिव्या देल्या असत्या तर चाललं असतं. आता तुह्या तोंडाकडे कसं पाहू?"

मग करायचं काय होतं, माय? ओरडून तुझी मैत्रीण गेली, न ओरडता माझी जाऊन राहिली. आम्हाला एकमेकींच्या आधाराला बसवलंय की एकमेकींवर पहाऱ्याला, मला अजून उमजत नाही.

तुला वाचता यायचं नाही. कर्जापुरती सही मीच शिकवली होती. हे पत्र कुणाला दाखवणार नाही, घडी करून ठेवते. एवढंच सांगते, नळावर तिनं माझे हात धरावे, बरं केलंस म्हणावं, असं मला वाटत होतं. तिनं म्हटलं नाही, तेव्हा तिची बादली भरेस्तोवर मीच पाठ फिरवून उभी राहिले.