तिसऱ्या मजल्यावरची सही

प्रिय धाकट्या,

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय. घरी आलं असतं तर आईने आधी उघडलं असतं, आणि तिच्याशी काय बोलायचं ते माझं अजून ठरलेलं नाही.

कामासाठी आपल्या जुन्या शहरात चाललेय म्हटल्यापासूनच तुझं काहीतरी बिनसलं होतं. एरवी महिना महिना फोन न करणारा तू, दोन दिवसांत तीनदा बोललास. काम कुठल्या भागात, उतरणार कुठे, किती दिवस. वर, आपली इमारत कधीच पाडली, तिकडे फिरकू नकोस, उगाच मनस्ताप होईल. लिफ्ट तपासण्यात माझी सतरा वर्षं गेली. न विचारता कोणी सगळं ठीक आहे म्हणालं, की मी आधी तिथलंच झाकण उघडते.

तरी मी जाणार नव्हते. पण तिसऱ्या दिवशीच्या यादीत आपलाच पत्ता निघाला. तुझी पाडलेली इमारत चांगली उभी होती. पिवळीची राखाडी झालीय, आणि जिन्याच्या पोकळीत नवी लिफ्ट बसलीय, एवढंच. खालचा शिंपी अजून तिथेच आहे. त्याने चष्म्यावरून मला निरखलं आणि या वेळी भाऊ नाही का आले, असं सहज विचारलं. कोण भाऊ, म्हटल्यावर जो मान खाली घालून काज करत बसला, तो पुन्हा वर बघेना.

माझ्या मनात काय काय आलं, ते लिहायलाही लाज वाटते. तुझे महिनाअखेरचे दौरे आठवले. तुझ्या बायकोचा भोळा चेहरा आठवला. पठ्ठ्याने इथे दुसरा संसार थाटलाय, अशी माझी खात्री होत चालली. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत लिफ्टच्या ब्रेकचं माप मी दोनदा चुकीचं लिहिलं.

दर मजल्यावरच्या एका रहिवाशाची तक्रार लिहून सही घ्यायची, असा आमचा नियम. तिसऱ्यावर आपलंच दार उघडं होतं. आत दोरीवर निळ्या चौकड्यांचा शर्ट वाळत होता, तुझ्या चाळिशीला मी दिलेला, खिशावर शाईचा डाग असलेला. आता कोण बाई समोर येते ते बघूच, म्हणून मी दात आवळून बेल दाबली.

आले ते बाबा. काठी टेकत, उजवा हात लुळा.

आठवतं ना तुला? महिनोन्‌महिने गायब व्हायचे आणि कोपऱ्यावरून भाजी घेऊन आल्यासारखे परत यायचे. शेवटच्या वेळी मी दार अडवून उभी राहिले. तू माझ्या मागे लपला होतास. तीस वर्षं मी त्या दिवसासाठी स्वतःची पाठ थोपटत आलेय. अजूनही मला ते चूक वाटत नाही.

त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बराच वेळ पाहिलं आणि बसायला सांगितलं. लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबते, पाय अडखळतो, म्हणाले. मी लिहून घेतलं. टेबलावर गोळ्यांचा डबा होता, कप्प्यांवर चिठ्ठ्या. ‘सकाळ’, ‘दुपार’. तो लांब शेपटीचा ‘ळ’ आईशिवाय कोण काढतं? म्हणजे आईसुद्धा. म्हणजे फक्त मीच बाहेर.

मग काही न विचारता ते म्हणाले, “मला एक मुलगी आहे. चौदा वर्षांची होती तेव्हा म्हणाली, पुन्हा तोंड दाखवू नका. तेवढं एक तिचं ऐकलं. तिच्या आईला आणि भावालाही बजावलंय, मी इथे आहे हे तिला कळू द्यायचं नाही.” आणि डाव्या हाताने, एकेक अक्षर काढत, त्यांनी सही केली. मी आभार मानले आणि जिन्याने खाली आले.

दोन दिवस तुला मनातल्या मनात फाडून खाल्लं. आता लिहितेय ते एका कामासाठी. ती लिफ्ट मी नापास केलीय, पुढच्या महिन्यात फेरतपासणी आहे. लिफ्टवाल्या बाईला कोणी आपल्या मुलीची गोष्ट सांगतं का रे? मला दाट संशय आहे, त्यांनी मला ओळखलं होतं. तू त्यांना विचार, मी आलेली चालेल का. नको म्हणाले तर तपासणीला दुसरं कोणी जाईल. हो म्हणाले तर तपासणी दुसऱ्यावर सोपवून मी नुसतीच येईन. जे म्हणतील ते जसंच्या तसं कळव. माझ्या भल्यासाठी म्हणून त्यात एक शब्दही फिरवू नकोस.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई