कौसाबाईच्या ताटाशेजारचा रिपोर्ट

२ जानेवारी १९९१, बुधवार
शुगर दोनशे चाळीस. डॉक्टर म्हणतात, काळजीने वाढते. चाला, मन शांत ठेवा. काळजी कसली? राग आहे. गेल्या वर्षी हे गेले, तेव्हा नणंद कौसाबाई भरल्या घरात म्हणाली, "माझ्या भावाला हिच्या खिरीनं खाल्लं." यांना शुगर होती, मान्य. पण खीर मी फक्त पौर्णिमेला करत असे. महिन्यातून एकदा. फार तर दोनदा.
१० फेब्रुवारीला यांच्या पहिल्या स्मृतिदिनाचे पुण्यानुमोदन. तोवर शुगर खाली आणणार, आणि सगळ्या भावकीसमोर रिपोर्ट तिच्या ताटाशेजारी ठेवणार. बोलणार काही नाही.

३ जानेवारी, पहाटे
यांचे कारखान्याचे बूट घातले, पुढे कापूस कोंबून. हेंद्रेपाड्यातून नदीपर्यंत गेले. वाटभर मनात कौसाबाईशी भांडले. पाय भराभर पडतात, घाम येतो. डॉक्टरांना हा उपाय माहीत नसावा.

५ जानेवारी
पाय दुखले. आज पडल्यापडल्याच भांडले.

९ जानेवारी
कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड. कडू. वाचनालयातून वनौषधींचे पुस्तक आणले. मन शांत राहावे म्हणून त्यात ब्राह्मीचे सरबत सांगितले आहे. एक किलो साखरेचा पाक. हात जरा थांबला. पण औषधात गेलेली साखर साखर राहत नाही, तिला अनुपान म्हणतात. शेजारची सुंदराबाई चाखून म्हणाली, "ताई, हे तर लग्नातलं सरबत हाय." तिला वाचता येत नाही.

२१ जानेवारी
चालणे राहिले. थंडी आहे. कौसाबाई आठवली की दोन चमचे ब्राह्मी, असा नियम केला. बाई फार आठवते. दुसरी बाटली केली.

३० जानेवारी
आज पौर्णिमा. खीर केली नाही. यांच्या खिरीचे भांडे घासून पालथे ठेवले. ब्राह्मी पाच वेळा.

७ फेब्रुवारी
दोनशे शहाऐंशी. मशीन बिघडले असणार. डॉक्टरांनी काय काय घेता विचारले. सगळे खरे सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले. अनुपान हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही.

१० फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी
वंदना झाली, पंगत बसली. रिपोर्ट न्यायचा नव्हता, पण तो ठेवण्याचा महिनाभर मनात सराव झालेला. हाताने आपोआप तिच्या ताटाशेजारी ठेवला. कौसाबाईने तो उलटासुलटा करून पाहिला. म्हणाली, "वाच की गं वहिनी, शिकलेली तूच. काय हाय त्यात?"
भावकी बघत होती. मी वाचले, "शुगर एकशे दहा."
मग बाई रडायलाच लागली. म्हणाली, "दादा गेला तवा माझी जीभ जळाली व्हती. तवापासून तुझाच घोर लागलाय." आणि खिरीची वाटी माझ्यापुढे केली, "त्याच्या वाटणीची तू खा. तुला आता काय भ्या हाय?"
सगळी खाल्ली. वर्षाने.
कौसाबाई अंबरनाथला आपल्या घरी परत गेली नाही. तिलाही शुगर निघाली आहे. आठ दिवस माझ्याकडे राहून माझा उपाय शिकणार म्हणे. उद्या पहाटे पाचला दोघींनी नदीपर्यंत चालायचे आहे.
बूट दाराशी काढून ठेवले. पण आता वाटभर भांडू कोणाशी?