आधी जेवा, मग चढा

माय, तुझ्या स्वयंपाकघराचं छप्पर उडालं. वावटळी आपण जन्मभर पाहिल्या, पण ही तशी नव्हती. उन्हाळ्यातल्या दुपारी तलावाकडून काळा खांब उठावा तशी धूळ उठली, गरगरत आपल्या आळीत शिरली, आणि मी भिंत धरून बसले तोवर कवेलू, बांबू, डोक्यावरचं सगळं गेलं. माणसं वाचली. तुझी चूल मात्र उघड्यावर पडली. मातीच्या भिंती त्या. एक मोठा पाऊस आला असता तर घरच बसलं असतं. मी ठरवलं, रडायचं ते छप्पर झाल्यावर.

मग भंडाऱ्याहून एका चर्चची माणसं आली. बायका-पुरुष, टेम्पोत बांबू आणि कवेलू भरून. ओळख ना पाळख, पण सकाळपासून घरच्यासारखे राबले. त्यांचे म्होरके, पांढऱ्या मिशांचे एक काका, स्वतः वर चढून बांबू बांधत होते. दुपारपर्यंत अर्धं छप्पर झालं. मी तीन दगडांवर भात आणि पाटवडीचा रस्सा रांधला, ताटं मांडली, तर ही मंडळी कडुनिंबाखाली आपापले डबे उघडून बसलेली. काका हात जोडून म्हणाले, "बाई, आमचा नियम आहे. ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरचं खायचं नाही. तुमच्यावर आधीच संकट, त्यात आमचं ओझं कायले?"

मला तूच दिसलीस, माय. पावसाच्या तोंडावर कवेलू फेरायला माणूस आलाय, घरात भाजी नाही, आणि तू शेजारून वांगी उसनी आणते आहेस. मी विचारते, "त्याले मजुरी देतेच ना, मंग जेवण काहून?" तू पळी घेऊनच वळतेस. "जो आपल्या डोक्यावर चढते तो घरचा माणूस. त्याले उपाशी उतरवू नोको." तेवढं बोलून तू पुन्हा वांगी चिरायला बसतेस.

मी सरळ जाऊन शिडी धरली. म्हटलं, "मंग आता कोणी वर जायचं नाही. आधी जेवा, मंग चढा."

काकांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "ताई, आमी चर्चचे म्हणून आमच्या हातचं छप्पर नाही चालत का तुमाले?"

अगं माय! मी कुठं बोलले आणि ते कुठं लागलं! शेजारीण ओरडली, "ढग जमून राहिले अन् तू अडून बसली? येडी झाली का व?" पण मी शिडी सोडली नाही. "तुमच्या हातचं छप्पर चालते," मी म्हटलं, "मंग माह्या हातचं अन्न काहून नाही चालत? सगळं तुमीच द्यायचं, अन् मी नुसतं घेत राहायचं?"

मला भीती वाटली, खरंच वाटली. हे लोक टेम्पोत बसून गेले तर? मग त्यांच्यातली एक बाई उठली आणि आपला डबा माझ्या पातेल्याशेजारी ठेवून म्हणाली, "वाढा ताई, पण आमचीबी भाजी घ्या." काका मिशा पुसत आले. "मीठ बेताचं आहे ना? मले बीपी आहे." सगळे हसले, आणि पंगत बसली. छप्पर त्याच संध्याकाळी पुरं झालं. पाऊस आला तेव्हा तुझ्या चुलीवर थेंब पडला नाही, आणि मी तिथंच बसून पोटभर रडले.

आता मीही त्यांच्यासोबत जाते. कवेलू बसवणं तुझ्यामुळं हाताला ठाऊक आहे. तू तर गेलीस, मग हे पत्र टाकू तरी कुठं? चुलीमागच्या कोनाड्यात राहील. पण एक तुलाच सांगते. काल कोंढ्याला एका म्हातारीचं घर शाकारत होतो. तिच्या घरात काही म्हणता काही उरलं नव्हतं, तरी तिनं भात आणि ठेच्याचं ताट माझ्यापुढं केलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या ना आजी, कायले उगीच?"

म्हातारीनं ताट खाली ठेवलं आणि शिडी धरली.