मंत्र कुणाच्या तोंडून

रवि., ७ जुलै
विक्या आला. गळ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. आवाज गेला तो गेलाच. आता हातात पाटी. आमच्या खोलीतला रविवारचा खेळ कॉलेजपासूनचा: मी गोष्ट रचतो, रोहिणी तलवारबाज, विक्या जादूगार, बाकी फाशाचं नशीब. आज गुहेत राक्षसाने गाठलं. विक्याने पाटीवर लिहिलं, 'अग्निमंत्र'. आणि नियम असा की मंत्र मोठ्याने म्हटला नाही तर फुकट. खेळणाऱ्याने स्वतःच म्हणायचा, ही माझी आगाऊ पुस्ती, कारण सुरुवातीला हा लाजून पुटपुटायचा. "असू दे रे, टाक फासा," म्हटलं. त्याने पाटी पुसली, लिहिलं, 'दया नको. नियम शोधून काढ.' चहा न घेता गेला. मला फार लागलं.

मंगळ., ९
खेळाच्या नियमांचं पुस्तक परत वाचलं. 'मंत्र स्पष्ट व मोठ्याने उच्चारला जावा.' कुणी, ते नाही. छापणाऱ्याचं काय जातं. रोहिणीला फोन. ती मासळीबाजारात, मागे बर्फ फोडायचा आवाज. तिचं म्हणणं, गळा विक्याचा गेलाय, जादूगाराचा नाही. तो बोलतोय असंच धरायचं. मुद्दा बिनतोड. विक्याला कळवलं. उत्तर: 'मग इतकी वर्षं माझ्याकडून का म्हणून घेतलंस? मी नसलो तरी चालतं तर. तूच खेळव जादूगाराला.'
विक्या मंत्र स्वतः रचायचा, आणि पुढे पुढे असा म्हणायचा की शेजारचे दार उघडून बघायचे.

रवि., १४
विक्या नाही. रोहिणीने सुकट आणली. दोघांत कसला खेळ. बाबांनी खाटेवरून विचारलं, "तो बोंबलणारो खंय गेलो?" सांगितलं.

गुरु., १८
घरी देवाला नारळ ठेवला. गाऱ्हाणं दरवेळी बाबाच घालतात. आज खोकल्याने बेजार. संपानंतर गिरणी सुटली, पण कापूस छातीत राहिला. शेवटी काका उभे राहिले. नारळ बाबांच्या हातात, तोंड काकांचं: "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक बरा कर रे म्हाराजा." आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा."
गाऱ्हाणं काकांचं झालं असं कुणाच्या मनातही आलं नाही. नारळ ज्याच्या हातात, त्याचं. प्रसाद तसाच ठेवून चपला घातल्या, तडक नायगावला विक्याकडे.
म्हटलं, शब्द तुझे, फासा तुझ्या मुठीत, वाचणारा कुणीही, बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. अडखळला तर मंत्र फुकट, सूट नाही. मग पाटीवर: 'तुमचा देव नको. व्हय म्हाराजा चालेल.' त्याच्या घरी बुद्धमूर्ती, देव्हारा नाही. हसला. त्याच्या हसण्याला आता आवाज नाही, हे आज पाहिलं. जिन्यात रडलो.

रवि., २१
विक्या हजर. मंत्र जोडाक्षरांनी ठासून भरलेला, मुद्दाम. रोहिणी हात पुढे करून बसलेली. याने पाटी दिली बाबांना. बाबा उठून बसले, चष्मा लावला, आणि गिरणीच्या गेटसभेतला आवाज काढला. एकेका ओळीला आमचं व्हय म्हाराजा. शेवटच्या ओळीत खोकला आला. ओळ मधेच तुटली, मग पुरी केली. शब्द एकही चुकला नाही.
खोकला म्हणजे अडखळणं का? पुस्तकात नाही. माझ्या पुस्तीतही नाही.
बाबा म्हणाले, "मी चुकलंय. सोड तो मंत्र." विक्याने जोरात नाही म्हणून मान हलवली. फासा मुठीतच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागितली. विक्याने सवयीने लिहिलं, 'दया नको.' बाबांकडे बघितलं. पुसलं. लिहिलं, 'नियम नीट बघ.'
फासा माझा. पण जाताना त्याने मूठ उघडली नाही, तसाच घेऊन गेला.