शेळ्यांच्या गोठ्यात वाजलेला फोन

कालोपेत्रा, ४ सप्टेंबर

लाडक्या पोलिक्सेनी आत्या,

तुझ्या दोन्ही गालांचे पापे, आणि अथेन्सच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर नव्या गुडघ्यालाही नमस्कार. तू जिना चढू लागलीस असं बाबा सांगतात. (उतरतेस का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.) इकडे तुझी मांजरं खुशाल, कोंबड्या एक सोडून खुशाल, आणि मी प्लास्टरमध्ये खुशाल. प्लास्टरचं पुढे येतंच आहे, घाबरू नकोस.

आधी आभार. तू घराची किल्ली दिली नसतीस आणि ‘पोरगा वेडा आहे, पण आपला आहे’ असं गावभर सांगून ठेवलं नसतंस, तर माझी डॉक्टरेट अजून विद्यापीठाच्या तळघरातच पडून असती. मी नेमकं करतो काय, हे तू दर ईस्टरला विचारतेस, म्हणून एकदाच लिहितो. तू अंगणातून शेजारणीला फोन लावतेस तेव्हा तुझा आवाज डोंगरापलीकडच्या टॉवरपर्यंत जातो आणि तिथून परत तिच्या खिडकीत येतो. गावातल्या घरांत वाटलेले माझे बारा फोन जवळपास असले की टॉवरला मध्ये न घेता थेट एकमेकांशी बोलतात. त्यासाठी वेगळ्या लहरी कुणी देत नाही. टॉवरच्याच लहरी त्याच वेळी वापरायच्या, पण इतक्या हळू, की टॉवरवरून बोलणाऱ्यांना पत्ताही लागू नये. कंपनीने परवानगी दिली ती याच एका अटीवर.

ती अट मी पहिल्याच मंगळवारी मोडली. (मुद्दाम नव्हे. जोराच्या आकड्यात एक शून्य जास्त पडलं.) माझे फोन एवढ्या जोरात बोलू लागले की गावातले बाकीचे सगळे फोन नुसते खरखरू लागले. नेमके तेव्हाच सरपंच अगिसिलाओस काका जर्मनीतल्या मुलीशी बोलत होते. ती बाळंत झाली होती. त्यांना ‘बाबा, मुलगी’ एवढं ऐकू आलं, मग खरखर, मग ‘दोन’, मग पुन्हा खरखर. त्यांनी चौकात जुळ्या नातींच्या नावाने सगळ्यांना त्सिपुरो, आपली द्राक्षाची दारू, पाजलं. संध्याकाळी कळलं की नात एकच, पहाटे दोनला झालेली. काका काठी घेऊन तुझ्या दारात हजर. “माझी दुसरी नात कुठे घालवलीस, बोल!” मी हात जोडले आणि फोनचा जोर इतका उतरवला की तीनशे मीटरपलीकडे ते पोचेनातच.

आता असिमिना काकू. (पत्र फाडू नकोस, तुझी जाऊ असली तरी मी तिला काकूच म्हणतो.) तिने फोन घेतला तो बजावूनच: पोलिक्सेनीच्या घराशी हा बोलता कामा नये. मी म्हटलं, काकू, हे फोन सर्वांत जवळच्याला आधी शोधतात, आणि तुला जवळचं घर आत्याचंच. सासूबाईंच्या तांब्याच्या हंड्यावरून अकरा वर्षं न बोललेली बाई ती. तिने फोन उचलला आणि थेट दरीच्या कडेच्या गोठ्यात नेऊन शेळ्यांच्या डोक्यावर खिळ्याला टांगला.

गेल्या गुरुवारी मी मोजमाप घ्यायला दरीत उतरलो, दगड निसटला, आणि घोटा मोडला. दरीत टॉवर पोचत नाही, माझा रोजचा फोन मुका. प्रयोगाच्या फोनने शोध घेतला आणि एकच नाव दाखवलं: गोठा. पाऊण तास मी शेळ्यांना फोन करत होतो. गार वारा सुटला, पाय सुजून काळा पडला, आणि खरं सांगतो आत्या, मी घाबरलो. मग काकू दूध काढायला आली.

“कोण?”

“काकू, मी स्टेर्गिओस.”

“पोलिक्सेनीचा? तिच्या घराशी जोडू नकोस म्हणून बजावलं होतं ना तुला?”

“घरात नाही गं, दरीत पडलोय. पाय मोडलाय.”

पलीकडे दुधाची बादली आदळली. मला वाटलं, ठेवला.

“पायात चपला असतील. तुझी आत्याही तश्शीच. हलू नकोस.”

तिने वरूनच अगिसिलाओस काकांना हाक मारली (ती हाक माझ्या कुठल्याही यंत्राच्या पलीकडची), ते खेचर घेऊन निघाले, आणि ती स्वतः, बाहत्तर वर्षांची बाई, फोन कानाला लावून दरी उतरू लागली. मी झोपी जाऊ नये म्हणून तासभर अखंड बोलत होती. विषय तूच. गाऱ्हाणी वीस मिनिटांत संपली. मग तिच्या नवऱ्याच्या आजारपणात तू तीन आठवडे तिच्या शेळ्यांचं दूध काढायला यायचीस, ते निघालं. मग, ‘पालक भरून भाजलेली पाई तिच्यासारखी कुणाला जमत नाही, पण तिला सांगू नकोस.’

त्याच तासात अगिसिलाओस काकांची बायको टॉवरवरून जर्मनीतल्या मुलीशी बोलत होती, शब्द न् शब्द स्वच्छ. माझे प्राध्यापक तेवढ्यावर खूश आहेत. मी मात्र जिवंत असल्याबद्दल तुम्हा दोघी जावांचा आभारी आहे.

तुझा लंगडा भाचा,
स्टेर्गिओस

ता. क. काकू रोज सूप आणते आणि उंबऱ्यावरूनच देते. मालकीण नसताना आत येणं बरं दिसत नाही म्हणते. आत्या, पत्र खरं तर यासाठीच लिहिलं: तिला आत ये म्हणून एक फोन कर.

ता. क. दुसरा. मी उंबऱ्यापाशी बसून लिहीत असताना तिने बाहेरूनच पत्र हातातून घेऊन वाचलं. ती म्हणते, गाऱ्हाणी संपली नव्हती, उतारावर दम लागला म्हणून थांबली. उरलेली ती तुला समोर बसवून सांगणार आहे. कधी येतेस, विचारते.