हिरवा दिवा

२ मार्च
नवी नोकरी, आणि चक्क मनासारखी! पाणी तपासायची प्रयोगशाळा. आम्ही दोघीच, मी आणि मॅडम. काम नाजूक आहे. नखाएवढ्या इलेक्ट्रोडवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवायचे, त्यांवर प्रथिनाचा थर द्यायचा. पाण्यात शिसं असलं की प्रथिन ते धरून ठेवतं आणि पडद्यावरची रेघ उसळी मारते. घरी धाकट्या बहिणीला सांगितलं, तर म्हणते, ताई, मलाही चिकटव ना तिथे कुठेतरी. आगाऊ कार्टी!

४ मार्च
इथून बाहेर पडायची रीत गमतीची आहे. दाराशी हात धुवायचे. ते पाणी भिंतीतल्या इलेक्ट्रोडवरून जातं. स्वच्छ निघालं तर हिरवा दिवा लागतो, दार एकाच माणसापुरतं उघडतं. हातावरचं विष घरी जायला नको ना! मॅडमना मात्र मी अजून हात धुताना पाहिलेलं नाही. सकाळी माझ्याआधी हजर, संध्याकाळी मी निघते तरी इथेच. डबासुद्धा खिडकीच्या गजांतून घेतात. कामाचा भलताच सोस.

९ मार्च
दाराच्या इलेक्ट्रोडवरचा थर झिजला होता आणि बाटलीतलं प्रथिन संपलेलं. मॅडम म्हणाल्या, रक्तातलं चालतं, दे बोट. माझंच का, असं मी हसत विचारलं. त्या म्हणाल्या, माझं आधीच वापरून झालंय. त्यांनी माझं बोट टोचलं, मीच थर चढवला. मग मॅडमनी हात धुतले. हिरवा दिवा लागला. त्या रडत पळत सुटल्या, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.
माझा दिवा लाल.

१० मार्च
साबण संपेपर्यंत हात घासले. लाल. ते पाणी दुसऱ्या इलेक्ट्रोडवर तपासलं, शिसं नाही, पारा नाही, काहीच नाही. हा थर विष धरत नाही. मला धरून ठेवतोय. मॅडमही अशाच अडकल्या होत्या, आणि मी त्यांना कामसू समजत होते!
मला नोकरीवर घेणाऱ्या साहेबांना फोन केला. दाराला काही झालेलं नाही म्हणाले, हात नीट धुवा.

१२ मार्च
थर खरवडून काढला. थराशिवाय दिवाच लागत नाही. बाटली मागितली, तर साहेब म्हणतात, रक्तातलं चालतंय की. पुन्हा माझंच — पुन्हा लाल. हाताची सालटं निघाली. फार भीती वाटते. घरी जायचंय मला.

१५ मार्च
साहेब नवी मदतनीस पाठवताहेत. कोण असेल बिचारी. तिला सगळं खरं सांगायचं. शपथ.

१६ मार्च
धाकटी आली. ताई घरी का येत नाही म्हणून स्वतःच अर्ज केला म्हणे. मी दाराशी पोचायच्या आत ते मिटलंही.
तिचे हात धुतले — हिरवा. ती जाऊ शकते. जा म्हणायला हवं. आईनं जेवण सोडलंय, सांगत होती —

थर झिजलाय. सुई माझ्या हातात. तिनं बोट पुढे केलंय. हसत विचारते, माझंच का गं?
सांगते. आत्ता सांगते.
मी म्हटलं, माझं आधीच —